पाणी मुरतें कोठें?

एखाद्या व्यवहारांत कांहीं लपवाछपवी आहे असा संशय आला, म्हणजे 'येथें पाणी कोठें तरी मुरत आहे' असें म्हणण्याचा आपल्या मराठी भाषेंत प्रघात आहे. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं हा वाक्प्रचार अक्षरशः लागू पडण्याची वेळ आली. माशांच्या कांचेच्या पेटींत सकाळीं पाणी घालावें आणि दुसऱ्या दिवशीं तें पुन्हां कमी झालेलें दिसावें. फरशी कोरडी, कांच अभंग, आणि पाणी मात्र नाहींसें! या लहानशा कोड्याचा पाठपुरावा करतां करतां मला जें शिकावयास मिळालें, तें शाळेंतील सोबत्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस सांगावें, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या पेटीची हकीकत सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वीं माझी धाकटी बहीण दीर्घ आजारानें अंथरुणास खिळून होती. तीन महिने तिनें उठूं नये अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. खेळ नाहीं, शाळा नाहीं, मैत्रिणी नाहींत. अशा स्थितींत तिचें मन रमावें म्हणून वडिलांनीं एका स्नेह्यांकडून ही जुनी पेटी व दोन सोनेरी मासे आणले. त्या माशांच्या संथ येरझारा पाहात तिनें ते कंटाळवाणे दिवस काढले. पुढें ती बरी झाली, शाळेंत जाऊं लागली; परंतु मासे आमच्या घरचेच होऊन राहिले. पेटीची लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३० सेंटिमीटर, आणि तींत पाणी ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरलेलें. म्हणजे एकंदर ५४ लिटर पाणी झालें.

आमचें गांव घाटाच्या पूर्वेस, कोरड्या मुलखांत आहे. वैशाखांत नळाला तीन दिवसांनीं एकदां पाणी येतें, आणि आई एकेक हंडा मोजून वापरते. एके रात्रीं जेवणें झाल्यावर ती म्हणाली, "घरांतल्या माणसांना पाणी मोजून द्यावें लागतें, आणि या पेटींत रोज जवळजवळ तांब्याभर ओतावयाचें, हें मला बरें वाटत नाहीं. ज्यांच्याकडे विहीर आहे अशा कोणास तरी ही पेटी देऊन टाकूं." आईचें म्हणणें रास्तच होतें. बहिणीच्या डोळ्यांत पाणी तरळलें, पण ती एक शब्दही बोलली नाहीं; कारण हंडे भरण्याच्या रांगेंत तीही आईबरोबर उभी राहात असे. अखेर वडिलांनीं तोड काढली. मला ते म्हणाले, "पाणी कोठें जातें तें तूं नीट शोधून काढ. महिनाभरांत जर तें निम्म्यावर आणतां आलें तर पेटी राहील. नाहीं तर आई म्हणते तसें करूं."

घरांत या बाबतींत मतभेद पुष्कळ होते. आजीच्या मतें मासेच पाणी पीत होते. शेजारच्या काकांना पेटीच्या सांध्यांचा संशय होता. आजीचें मत ऐकावयास सयुक्तिक वाटलें, तरी शास्त्राच्या कसोटीस तें उतरत नाहीं. गोड्या पाण्यांतील मासा पाणी जवळजवळ पीतच नाहीं. उलट, कल्ल्यांच्या वाटे बाहेरचें पाणी त्याच्या अंगांत आपोआप शिरत असतें, आणि तें त्याला लघवीवाटे सतत बाहेर टाकावें लागतें. म्हणजे पेटींतून घेतलेलें पाणी पुन्हां पेटींतच जमा! काकांच्या संशयासाठीं पेटीखालीं कोऱ्या कागदाचे ताव पसरून ठेविले. सकाळीं ते कोरडेच होते. शेवटीं पेटीशेजारीं पाण्यानें भरलेली एक परात ठेविली. परातींत ना मासा, ना सांधा. तरीही तिचें पाणी रोज उतरूं लागलें. तेव्हां पाणी मुरत नव्हतें, उडत होतें, हें सिद्ध झालें.

आतां तें किती उडतें हें पाहणें आलें. मिलिमीटरच्या रेघा असलेल्या कागदाची एक पट्टी मी कांचेवर बाहेरून चिकटविली आणि रोज सकाळीं सात वाजतां पाण्याची रेषा टिपून ठेवूं लागलों. पेटीच्या पृष्ठभागाचें क्षेत्रफळ १,८०० चौरस सेंटिमीटर; त्यामुळें पाणी एक मिलिमीटर उतरलें कीं १८० मिलिलिटर गेलें असा सरळ हिशेब होता. पहिल्या आठवड्यांत रोजची घट सुमारें पांच मिलिमीटर भरली. म्हणजे दिवसाकांठीं ९०० मिलिलिटर! आईचा तांब्याचा अंदाज कांहीं चुकीचा नव्हता.

पाणी न उकळतां कसें उडतें, याचें पुष्कळांस नवल वाटतें. पाण्याचे कण सदैव हालचाल करीत असतात. पृष्ठभागाजवळील कणांपैकीं जे विशेष वेगवान, ते बाकीच्यांची ओढ तोडून हवेंत निसटतात; आणि हवेंत आधींच असलेल्या बाष्पाचे कांहीं कण परत पाण्यांत येतात. जाणारे अधिक व येणारे कमी असले, म्हणजे पाणी घटतें. यासच आपण बाष्पीभवन म्हणतों.

हा विषय मोठमोठ्या पंडितांनींही हातीं घेतलेला आहे. ज्याच्या नांवानें धूमकेतु प्रसिद्ध आहे त्या एडमंड हॅले या इंग्रज ज्योतिष्यानें समुद्रांतून किती वाफ वर जाते याचा अंदाज १६८७ सालीं प्रसिद्ध केला. आणि त्यासाठीं त्यानें काय केलें, तर खाऱ्या पाण्याचें एक भांडें तराजूस टांगून त्याचें वजन किती घटतें तें पाहिलें! पुढें १६९३ सालीं लंडनच्या ग्रेशम कॉलेजांत, जेथें ऊन व वारा दोन्ही पोंचत नव्हते अशा बंद जागीं, पाण्याच्या घटीचें मोजमाप झालें. ती घट फारच थोडी भरली, आणि त्यावरून बाष्पीभवनाच्या कामीं ऊन व वारा यांचें महत्त्व किती मोठें आहे हें त्यानें दाखविलें. यानंतर जॉन डाल्टन या शास्त्रज्ञानें १८०२ च्या सुमारास या सर्वांस नियमांत बसविलें. पाण्याच्या उष्णतामानाप्रमाणें त्याचा एक बाष्पदाब ठरलेला असतो. हवेंतील बाष्पाचाही कांहीं दाब असतो. या दोहोंमध्यें जितकें अंतर, तितक्या वेगानें पाणी उडतें. आणि वारा असला तर तो वेग आणखी वाढतो. आमच्या पेटीचें सारें रहस्य या एका वाक्यांत सांठविलेलें होतें.

प्रथम दिव्याकडे वळूं. पेटी जुनी असल्यामुळें तिच्या झांकणांत तारेचा ४० वॅटचा दिवा होता, आणि तो रोज आठ तास जळत असे. अशा दिव्याला मिळालेल्या विजेपैकीं प्रकाशाच्या रूपानें अगदीं थोडा भाग बाहेर पडतो. बाकी सर्व उष्णता. तो पाण्यापासून अवघ्या वीतभर अंतरावर होता. एक ग्रॅम पाण्याचें बाष्प होण्यास सुमारें २,४५० जूल उष्णता लागते, आणि हा दिवा आठ तासांत साडेअकरा लाख जूल खर्च करतो. ही सारीच उष्णता बाष्पीभवनाकडे लागली असें धरलें, तर ४७० ग्रॅम पाणी उडेल. प्रत्यक्षांत तिचा कांहीं भाग खोलींत पसरतो हें खरें. तथापि दिवा किती मोठा भागीदार आहे तें यावरून ध्यानांत येईल. त्याच्या जागीं वडिलांनीं १० वॅटचा एलईडी दिवा आणून बसविला. त्याचा उजेड पहिल्यापेक्षां अधिक, आणि विजेचा व उष्णतेचा खर्च मात्र एक चतुर्थांश.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. एलईडीचा प्रकाश 'थंड' असतो असें बाजारांत म्हणतात. परंतु जो प्रकाश पाण्यांत, वाळूंत व वनस्पतींत शोषला जातो, तोही बहुतांशीं शेवटीं उष्णताच होतो. दिवा बदलल्यानें लाभ झाला तो मुख्यतः वीज कमी लागल्यानें. म्हणूनच दिवा किती वेळ जळतो यासही महत्त्व आहे. पेटींतील वनस्पतींना आठ तास प्रकाश पुरेसा होतो. विनाकारण अधिक दिला तर पाणीही अधिक उडतें आणि कांचेवर शेवाळही माजतें.

दिव्याहूनही प्रबळ असा दुसरा दीप आमच्या पश्चिमेच्या खिडकींतून येत होता. तो म्हणजे सूर्य! भर दुपारच्या स्वच्छ उन्हांत दर चौरस मीटरला सुमारें १,००० वॅट इतकी शक्ति असते. तिसऱ्या प्रहरीं खिडकींतून तिरपें येणारें ऊन याहून सौम्य असलें, तरी पेटीच्या लांब बाजूवर तें तासभर पडलें, म्हणजे त्यापुढें ४० वॅटचा दिवा फिका पडतो. आम्ही पेटी खिडकीपासून हालवून आंतल्या, जाड भिंतीच्या कोपऱ्यांत ठेविली. ५४ लिटर पाण्याचें वजन ५४ किलो. तेव्हां बरेंचसें पाणी हंड्यांत काढूनच तिला हालवावें लागलें, हें करूं इच्छिणाऱ्यांनीं विसरूं नये.

पाणी थोडें तापल्यानें एवढा फरक कसा पडतो, असा प्रश्न बहिणीनें विचारला. त्याचें उत्तर डाल्टनच्या नियमांत आहे. २५ अंश उष्णतामानाच्या पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या २३.८ मिलिमीटर उंचीइतका असतो. ३० अंशांस तो ३१.८ होतो. खोलींतील हवेंतल्या बाष्पाचा दाब १५ आहे असें समजा. पहिल्या वेळीं अंतर ८.८, दुसऱ्या वेळीं १६.८. पाणी तापलें अवघें पांच अंशांनीं, पण त्याची उडण्याची गति जवळजवळ दुप्पट झाली!

आतां खोलीच्या हवेचा विचार करूं. वैशाखांतील एखाद्या दुपारीं हवेचें उष्णतामान ३७ अंश व सापेक्ष आर्द्रता शेंकडा २० आहे असें धरलें, तर हवेंतील बाष्पदाब सुमारें ९.४ येतो. पेटींतील पाणी २९ अंशांवर असल्यास त्याचा दाब ३०, अंतर २०.६. याउलट श्रावणांत हवा व पाणी दोन्ही २५ अंशांवर आणि आर्द्रता शेंकडा ९० असली, तर अंतर अवघें २.४ उरतें. तीच पेटी, तेंच पाणी. पण वैशाखांतील ओढ श्रावणाच्या आठपटींहून अधिक. सुटींत मी रत्नागिरीस मामांकडे गेलों होतों. त्यांच्याकडेही अशाच मापाची पेटी आहे. तेथें अंगावरचा घाम वाळत नव्हता, आणि पेटींतील पाणीही आमच्या मानानें फारच सावकाश उतरत होतें. एकाच कारणाचीं हीं दोन कार्यें. समुद्रावरची दमट हवा ना घामाला जागा देते, ना पेटींतील पाण्याला.

वाऱ्याचें काम याहून निराळें. पाण्याच्या पृष्ठभागालगत बाष्पानें भरलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. खोली निवांत असली तर तो तेथेंच रेंगाळतो आणि पाण्यावर जणूं पांघरूण घालतो. छताचा पंखा तें पांघरूण क्षणोक्षणीं ओढून घेतो व कोरडी हवा पुढें करतो. हवा पाण्यांत सोडणाऱ्या लहान यंत्राचे बुडबुडेही पृष्ठभाग हालवून त्याच कामास हातभार लावतात.

इतकें कळल्यावर काकांनीं एक सोपा उपाय सुचविला, "पेटीला वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधून टाका, म्हणजे कटकटच मिटली." त्याप्रमाणें करण्यांत आलें. पट्टीवरील रेषा खरोखरच जागची हालली नाहीं. कागदाच्या आंतल्या अंगास दंव धरे आणि थेंब थेंब होऊन तें परत पेटींत पडे. परंतु दुसऱ्या दिवशीं दुपारीं बहिणीनें हांक मारली. दोन्ही मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडून धापा टाकीत होते. पेटींतील उष्णतामापक २९ वरून ३३ अंशांवर गेला होता. कागद तत्काळ काढला, पंखा सुरू केला, आणि तासाभरानें मासे खालीं उतरले.

त्या दिवशीं या विषयाची खरी किल्ली आमच्या हातीं आली. पाणी उडतांना उष्णता घेऊन जातें. रोज ९०० ग्रॅम पाणी उडत होतें, म्हणजे २५ वॅटचा दिवा दिवसरात्र जितकी उष्णता देईल तितकी उष्णता तें पेटींतून बाहेर नेत होतें. कागद बांधतांच हा मार्ग बंद झाला आणि पाणी तापलें. पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी विरतो. २० अंशांस लिटरभर पाण्यांत सुमारें ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस सुमारें ७.५. उलट उष्णतेनें माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. त्यांतून घट्ट कागदामुळें बाहेरची ताजी हवाही पाण्यास लागत नव्हती. आजीस हें सांगतांच ती हंसून म्हणाली, "मग असें म्हण ना, कीं तुझी पेटी आणि माझा माठ हीं भावंडें आहेत!" याहून नेमकें उत्तर मलाही देतां आलें नसतें. माठ पाझरतो, तें पाणी उडतें, म्हणून आंतलें पाणी गार राहतें. तिवईवरच्या माठाचें पाणी आटलें म्हणून आजपर्यंत कोणी तक्रार केली नव्हती. कारण त्या आटण्याचें मोल आम्हांस गारव्याच्या रूपानें मिळत होतें. पेटींतील पाणीही असेंच माशांसाठीं खर्चीं पडत होतें.

तेव्हां पाणी मुळींच उडूं नये हा हेतु टाकून, विनाकारण उडूं नये एवढाच हेतु आम्ही ठेविला. दिवा संध्याकाळीं, गारवा पडल्यावर लावावयाचा. रात्रीं पंखा त्या बाजूस नको, आणि पेटीवर कांचेचें झांकण. मात्र एका बाजूस दोन बोटें फट. भर दुपारीं झांकण दूर व पंखा मंद. जागा तर आधींच बदललेली होती. महिनाअखेर पट्टीनें निकाल दिला: रोजची घट अडीच मिलिमीटर, म्हणजे ४५० मिलिलिटर. बरोबर निम्मी! आणि उष्णतामापक ३० अंशांच्या वर गेला नाहीं.

यानंतर एक महत्त्वाची गोष्ट सांगावयाची उरली. उडून जातें तें निव्वळ पाणी. त्यांत विरलेले क्षार मागेंच राहतात. कांचेवर पाण्याच्या रेषेशीं जो पांढरा पट्टा बसतो तो त्यांचाच. उरण-पेणकडील मिठागरांत याच नियमावर मीठ पिकतें. लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार असलेलें समुद्राचें पाणी उथळ वाफ्यांत उन्हावाऱ्यानें आटतें आणि मीठ खालीं उरतें. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवरांतून पाणी वाहून जाण्यास वाट नाहीं; युगानुयुगें पाणी उडालें, क्षार राहिले, आणि सरोवर खारट झालें. आमच्या पेटींतही हेंच लहान प्रमाणावर चाललें होतें. रोज ९०० मिलिलिटर नवें पाणी घालीत गेल्यास साठ दिवसांत ५४ लिटरांची भर पडते, म्हणजे क्षार दुप्पट होतात. डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसतें, पातळीही पूर्ण असते. परंतु माशाला तें दिवसेंदिवस परकें होत जातें. म्हणून केवळ भर घालणें पुरेसें नाहीं. दर आठवड्यास थोडें जुनें पाणी काढून त्या जागीं साठवून ठेवलेलें पाणी घालणें अवश्य आहे. काढलेलें पाणी आम्ही तुळशीला व कुंड्यांना घालतों. त्यांतील माशांचा मळ झाडांना खतच होतो, आणि झाडांसाठीं आई जें पाणी बाजूस ठेवीत असे तें वांचतें.

हा सर्व हिशेब मी एका कागदावर मांडून आईपुढें ठेविला. तिनें तो दोनदां वाचला. "अर्धा तांब्या मी माझ्या वाट्यांतून देईन," बहीण म्हणाली. आई म्हणाली, "कोणाच्या वाट्यांतून नको. एवढें पाणी या घराला जड नाहीं. कोठें जातें तें कळत नव्हतें, म्हणून जड वाटत होतें." पेटी राहिली.

आईच्या त्या शब्दांवर मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या खर्चाचा ठाव लागत नाहीं, तो थोडा असला तरी मनास टोंचतो. आणि ज्याचें कारण व फळ दोन्ही दिसतात, तो माणूस आनंदानें सोसतो. ही गोष्ट पाण्याची, तशीच पैशाची आणि वेळेचीही. तरी सोबत्यांनो, तुमच्या घरीं माशांची पेटी असेल तर तिच्यावर एक कागदाची पट्टी चिकटवा. नसेल तर खिडकींत एक परात व कोपऱ्यांत एक परात भरून ठेवा, आणि आठ दिवस रोज सकाळीं मोजा. वडील मंडळींसही विनंति आहे कीं, हंडा-परातीसारख्या घरच्या वस्तु अशा कामासाठीं मुलांनीं मागितल्या तर त्यांना नाहीं म्हणूं नये. परातींतलें पाणी झाडांना घालतां येतें, आणि शिकलेलें जन्मभर पुरतें.